देवळ्यांची बंद बाजू

मिसिसागातल्या ज्या ऑफिसात मी कॅनडातली माझी पहिली वर्षं काढली, तिथे मुख्यतः गोदामांची ड्रॉइंग्ज व्हायची. चार भिंती, सपाट छप्पर, मागे ट्रक लागायला लोडिंग डॉक, पुढे पार्किंग. नागपूरला आर्किटेक्चर शिकताना मी जी स्वप्नं बघितली होती त्यांत हे कुठे बसत नव्हतं. पण 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स' नावाची वस्तू गाठीशी नसल्याने मला कुणी दारात उभं करत नव्हतं, आणि सरांनी केलं. सर म्हणजे ऑफिसचे मालक, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून आलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर. ऑफिसात ते 'सर' आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात 'काका'; हा बदल मी पार्किंग लॉटमध्येच मनाशी करून घ्यायची. ते मला दोन्हीकडे 'अगं' म्हणायचे. आपण देव मानत नाही हे ते अधूनमधून, कुणी विचारलेलं नसताना, सांगायचे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आमच्याकडे एका चर्चचं काम आलं. खरं म्हणजे तेही गोदामच. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर अशा ठिकाणांहून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांनी जवळच्या वॉन शहराच्या इंडस्ट्रियल पार्कातलं एक रिकामं गोदाम घेतलं होतं आणि आत खुर्च्या मांडून रविवारची प्रार्थना सुरूही केली होती. आता त्याला चर्चचं रूप द्यायचं होतं. त्यांचे पाद्री मूळचे पोलंडचे. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या सहलीत घेतलेली पोस्टकार्डं आमच्या टेबलावर ओळीने मांडली. पांढरा गिलावा, लाल कौलं, कमानी, घंटा टांगायला उंच भिंत. 'स्पॅनिश मिशन स्टाइल' म्हणतात ती. असंच करून द्या, म्हणाले. सरांना हायसं वाटलं. कमानी फोमच्या तयार मिळतात, वरून गिलावा मारला की काम झालं. आमच्या ऑफिसजवळच्या प्लाझात टाको विकणाऱ्या एका मेक्सिकन हॉटेलवाल्याने नेमकं तेच केलेलं होतं.

पाद्र्यांबरोबर कमिटीची एक बाई आली होती. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, इथे एका इस्पितळात फार्मसिस्ट. ती पोस्टकार्डांकडे बघतही नव्हती. पाद्र्यांचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, अंगणाचं काय? सर म्हणाले, पुढे एवढं पार्किंग आहे की. तेव्हा तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली, तीही अशा आवाजात की जणू एखाद्या पेशंटची केस सांगते आहे.

आई ऐंशीच्या घरातली. दोन-तीन वर्षांपूर्वी लेकीने स्पॉन्सर करून आणलेली. तिची भाषा नहुआट्ल, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिकडे बोलतात ती; स्पॅनिश कामापुरती आणि इंग्रजी अजिबात नाही. रविवारी ती लेकीबरोबर प्रार्थनेला यायची, पण तिच्या लेखी आतली प्रार्थना म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं बाहेर, चालत. गावी चर्चसमोर भिंत घातलेलं मोठं अंगण होतं, मध्ये दगडी क्रूस आणि चार कोपऱ्यांत, आत वेदी असलेल्या, चार लहान देवळ्या. क्रूसाभोवती फेरी घालायची, प्रत्येक देवळीपाशी थांबायचं, मगच घरी. इथे अंगण नव्हतं म्हणून म्हातारी अख्ख्या गोदामाला फेरी घालत होती. मागच्या बाजूला शेजाऱ्यांचा ट्रकचा धंदा, तो रविवारीही चालू. आदल्या महिन्यात रिव्हर्समध्ये येणारा एक ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरला आणि तिच्याआधी तोच थरथरायला लागला. त्यानंतर लेकीने दोन रविवार आईला घरी ठेवून पाहिलं, तर आईने जेवण सोडलं.

"कोंडली तर ती जगणार नाही, सोडली तर ट्रकखाली जाईल," बाई इंग्रजीत म्हणाली. "मला कमानी नकोत. मला अंगण हवं आहे."

पाद्री आपली पोस्टकार्डं गोळा करायला लागले. त्यांना राग आला नव्हता, फक्त ते थोडे गोंधळले होते. मीही गोंधळले होते, पण मला माझ्या अज्ञानाचा राग येतो आणि तो मी दुसऱ्या कुणावर तरी काढते. त्या दिवशी तो नवऱ्यावर निघाला असावा. शनिवारी मी लायब्ररीत जाऊन बसले.

कॉलेजात आम्हाला या सगळ्या प्रकरणावर फार तर एखादी स्लाइड दाखवली असेल. स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले, त्यांनी तिथे स्पॅनिश पद्धतीची चर्चं बांधली, संपलं. लायब्ररीतल्या जाड पुस्तकांतले फोटो वेगळंच सांगत होते. तिथल्या लोकांचे देव उघड्यावर होते. उंच चौथरा, समोर भिंतीतलं प्रशस्त अंगण, आणि सगळा गाव आभाळाखाली उभा. त्यांना अंधाऱ्या बंद इमारतीत बोलवून उपयोग नव्हता. ते आले तरी अंगणातच थांबणार. मग पाद्र्यांनीच नमतं घेतलं. चर्चच्या बाहेर, अंगणाकडे तोंड करून उघडी वेदी बांधली, अंगण मोठं केलं, कोपऱ्यांत देवळ्या आल्या, कारण मिरवणूक तर निघणारच होती. हे सगळं युरोपात या रूपात नव्हतंच. दगड घडवणारे हातही तिथलेच. खांबांवर युरोपातल्या वेलींबरोबर मक्याची कणसं आली होती आणि देवदूतांचे चेहरे त्या फार्मसिस्ट बाईसारखे रुंद गालांचे होते. नाव मात्र स्पॅनिश. दारावर पाटी सासऱ्यांची असावी आणि घर सासूबाईंच्या मर्जीने चालावं, तसा हा मामला होता.

हे मी सोमवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, इतिहास राहू दे, सिटी पार्किंग कमी करून देणार का ते बघ. सरांचं एक होतं, एकदा काम अंगावर घेतलं की ते सिटीच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, माणसांच्या मागे हात धुऊन लागायचे. समोरच्या ऑफिस बिल्डिंगचं पार्किंग रविवारी रिकामं असतं, ते वापरायची परवानगी त्यांनी मिळवली आणि पुढच्या डांबरावर अंगण बसवलं. चारी बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत, मध्ये क्रूस, कोपऱ्यांत चार देवळ्या, एकेकीत तीन-चार माणसं जेमतेम उभी राहतील एवढ्या. दोन बाजू कंपाउंडला टेकलेल्या. उरलेल्या दोन बाजूंपैकी एक उघडी, तिच्यातून आतली वेदी दिसणार. दुसरी बंद, कारण दोन्ही उघड्या ठेवल्या तर इथल्या वाऱ्याला आरपार रस्ता मिळतो आणि मेणबत्ती काय, माणूसही टिकत नाही. उघडी बाजू येणाऱ्या माणसाच्या समोर पडायला हवी. म्हणून सरांनी माझ्या शीटवर पेन्सिलने बाण काढला, लोक असे येतील. मी त्याप्रमाणे चारही देवळ्यांची तोंडं लावली. बाण मधल्या क्रूसाला उजव्या हाताला ठेवून जात होता. त्या बाणाकडे मी अनेकदा पाहिलं असेल, आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला एकदाही वाटलं नाही. कमिटीच्या लोकांनीही ड्रॉइंग पाहिलं होतं, पण त्यांच्या प्रतीवर पेन्सिलचा बाण नव्हता. आणि लोक कोणत्या बाजूने जातात हे सांगायची गोष्ट असते असं त्यांनाही वाटलं नसणार.

ऑगस्टअखेर काँक्रीट ब्लॉकच्या भिंती उभ्या राहिल्या, देवळ्यांवर स्लॅब पडले. गिलावा बाकी होता, पण लोकांना धीर नव्हता. एका रविवारी पाद्र्यांनी पहिली फेरी काढायचं ठरवलं आणि आम्हाला बोलावलं. सर टाय लावून आले. प्रार्थना आटोपून माणसं बाहेर आली, सगळ्यांच्या पुढे म्हातारी. ठेंगणी, दोन वेण्या, खांद्यावर राखी शाल. ती दारातून बाहेर पडली आणि सरळ त्या बाजूला वळली जी आमच्या बाणाच्या उलट होती. क्रूस डाव्या हाताला.

पहिल्या कोपऱ्यापाशी ती पोचली तेव्हा तिच्यासमोर ब्लॉकची कोरी भिंत होती. ती थांबली. वर-खाली पाहिलं. मग कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूसाची खूण केली, त्या भिंतीपुढे ओठ हलवले, आणि पुढे निघाली. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. मागची माणसं खोळंबली. पाद्र्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी हात हलवून बाकीच्यांना पलीकडून यायला सांगितलं. काही तिकडून गेले, काही म्हातारीच्या मागे, आणि फेरीच्या अर्ध्यावर दोन्ही रांगा एकमेकींसमोर आल्या. लहान मुलांना फार मजा वाटली.

सर माझ्या शेजारी उभे होते, ते हळू आवाजात मराठीत म्हणाले, "अगं, हे लोक उलटे का फिरतायत?"

फार्मसिस्ट बाई आमच्याकडे आली. ती आरडाओरडा करणारी नव्हती. तिने सांगितलं की तिच्या गावात, आजूबाजूच्या गावांत, शेतात, लग्नात, सगळीकडे फेरी अशीच घालतात, आणि तिच्या आजीच्या आजीनेही अशीच घातली असेल, चर्च येण्याच्या आधीपासून. सर म्हणाले, सोपं आहे, लोकांना सांगा दुसऱ्या बाजूने चालायला. देवाला काय फरक पडतो? पाद्र्यांनी मान डोलावली. बाईने फक्त आईकडे पाहिलं. आई चौथ्या भिंतीपुढे उभी होती. "तिला सांगून बघते," ती म्हणाली. पुढच्या रविवारी तिने सांगून बघितलं. आईने ऐकून घेतलं, म्हणाली बरं, आणि क्रूस डाव्या हाताला ठेवूनच चालायला लागली.

त्या पहिल्या रविवारी परत जाताना गाडीत सर बडबडत राहिले. कॉन्ट्रॅक्टरचं काय, स्लॅब त्या भिंतींवर टेकलेत, एवढ्या-तेवढ्यासाठी पाडापाडी करायची का, माणसाने विसाव्या शतकात जन्म घेऊन असं वागावं का. मला पटत नव्हतं आणि ते का पटत नाही हे मला त्यांच्या भाषेत सांगता येत नव्हतं.

मग गणपती आले. आमच्या मंडळाचा गणपती त्या वर्षी एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली, टेबलावर बसला होता. आरती झाली, मुलं पिझ्झा कधी येणार म्हणून इंग्रजीत विचारत होती, मोठी माणसं टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायला लागली. काका माझ्या पुढे होते. ते देव मानत नसले तरी काकूंच्या बरोबर प्रदक्षिणा घालायचे. काकूंपुढे त्यांची विवेकबुद्धी नेहमीच जरा मवाळ व्हायची. मी मागून म्हटलं, "काका, आज उलटे फिरा. देवाला काय फरक पडतो?"

ते हसले. फिरतो की, त्यात काय, म्हणाले आणि उलट्या बाजूला वळले. दोन पावलं गेले असतील. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती, कुणी अडवत नव्हतं. ते थांबले. काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, अहो, हे काय. काकांनी एकदा गणपतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घालून परत फिरले, गणपती उजव्या हाताला ठेवून सगळ्यांबरोबर गेले. जेवताना ते माझ्या टेबलावर आले नाहीत. मी मोठ्या माणसाला चार लोकांत खजील केलं होतं आणि मला त्याचं बरं वाटत होतं. मी काही फार चांगल्या स्वभावाची बाई नाही.

पुढचे काही दिवस ते माझ्याशी फक्त कामाचं बोलले. मग एका सकाळी कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले, चर्चची शीट ओढून घेतली आणि उभ्याउभ्या म्हणाले, "पायच गेला नाही गं. देव मानत नाही मी. तरी नाही गेला." त्यांचा आवाज साधा होता. त्यांनी लाल पेनाने चारही देवळ्यांच्या बंद बाजूवर काट मारली. ही भिंत काढायची, तोंड इकडे करायचं, उघडी बाजू बुजवायची, खर्च ऑफिसचा. पण स्लॅबला टेकू देऊन भिंत काढायची तर थंडीत ते कुणी करेना. कॉन्ट्रॅक्टर एप्रिल म्हणाला. फार्मसिस्ट बाईला फोन मी केला. ती म्हणाली की एप्रिलपर्यंत आई आहे असं आपण धरून चालू.

डिसेंबरात एका रविवारी, स्लॅबच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबतायत अशी तक्रार आली म्हणून मी बघायला गेले. पोरांनी बर्फ शोव्हलने उपसून अंगणातला रस्ता मोकळा करून ठेवला होता. उणे पंधराच्या आसपास असेल. म्हातारी प्रार्थनेनंतर बाहेर आली, अंगावर लेकीचा लांब कोट, पायात बर्फाचे बूट, आणि क्रूस डाव्या हाताला ठेवून निघाली. तिच्या मागे आता वीस-पंचवीस माणसं होती. पहिल्या भिंतीपाशी तिने हातमोजा काढला आणि उघडा तळवा त्या ब्लॉकवर ठेवला. तेवढ्या थंडीत काँक्रीटला हात लावून बघावा, म्हणजे कळेल. बर्फ तिच्या डोक्यावर पडत होता. दुसऱ्या बाजूला, आमच्या स्लॅबखाली, आमची कोरडी वेदी रिकामी होती. मी लोंबत्या सुळ्यांचे फोटो काढले आणि गाडीत येऊन हीटर लावून बसले. मला फार वाईट वाटलं. ती एप्रिलपर्यंत टिकावी असं मी मनापासून म्हटलं, आणि कुणाला उद्देशून म्हटलं ते माझं मला ठाऊक.

ती टिकली. एप्रिलमध्ये, बर्फ वितळून चिखल झालेला असताना, कॉन्ट्रॅक्टरची माणसं लोखंडी टेकू आणि भिंत फोडायचा ब्रेकर घेऊन आली. सर आणि मी सकाळीच पोचलो. फार्मसिस्ट बाईने सुट्टी घेतली होती आणि आईला बरोबर आणलं होतं, तिला काम बघायचं होतं म्हणून.

मी पहिल्या देवळीची बंद बाजू हिवाळ्यानंतर प्रथमच नीट पाहिली. छातीच्या उंचीवर ब्लॉकचा राखी रंग बदलून काळपट, गुळगुळीत झाला होता, हात लागून लागून. खाली मेणाचे थर साचले होते. वर काजळीची जीभ गेली होती. ब्लॉकच्या सांध्यांत कुणी खिळे ठोकून कागदी फुलं बांधली होती, भिजून रंग उतरलेली, आणि एका दोरीला मक्याचं वाळलेलं कणीस. पाद्र्यांनीच केव्हातरी एक फळी ठोकून दिली होती, मेणबत्त्या ठेवायला. बाकीच्या तीन भिंतींचंही तसंच. लायब्ररीतल्या पुस्तकातला फोटो माझ्यासमोर उभा होता, फक्त चारशे वर्षांचा नव्हता, एका हिवाळ्याचा होता. तिथेही कुणा पाद्र्याने आपल्या मनाने काहीतरी आखलं असेल, आणि लोक आपल्या बाजूने चालत राहिले असतील.

कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने ब्रेकरची वायर सोडायला घेतली. म्हातारी चिखलातून पुढे गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लेकीशी बराच वेळ बोलली. लेक मध्येच काहीतरी समजावत होती, मग तिने समजावणं सोडलं.

"ती म्हणते, सगळा हिवाळा मी हिच्याशी बोलले," लेक आम्हाला म्हणाली. "आता हिला पाडू नका."

सरांनी सावकाश समजावून सांगितलं, की भिंत काढली की आतली वेदी दिसेल, सगळं नीट समोर येईल. लेकीने ते आईला सांगितलं आणि उत्तर आणलं, की तिला दिसतं. एवढे महिने मनाची तयारी करून, स्वतःच्या खिशातून ते चूक निस्तरायला आले होते, आणि ती त्यांना निस्तरू देत नव्हती. शेवटी त्यांनी विचारायला सांगितलं, मग आजींना काय हवं आहे? म्हातारीने हात डोक्यावर आडवा धरून दाखवला. छप्पर. बर्फ अंगावर पडतो.

सरांनी कोटाच्या खिशातून खडू काढला. साइटवर त्यांना भिंतीवरच ड्रॉइंग काढायची सवय, माझ्यावर ते त्यासाठी अनेकदा ओरडले होते की कागद कशाला शोधतेस. त्या दिवशी ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि फुटपाथच्या ओल्या लादीवर छज्जा काढला. भिंतीला त्यांनी खडू लावला नाही. म्हातारीने वाकून पाहिलं आणि बोटाने दाखवलं, आणखी थोडा पुढे. त्यांनी रेघ पुढे नेली.

जूनमध्ये चारही छज्जे लागले. पाद्र्यांनी नंतर कौलं घातली, लाल, पोस्टकार्डासारखी. त्याला कुणाची हरकत नव्हती. पहिल्या रविवारी मी गेले होते. ऊन होतं. म्हातारी दारातून निघाली, मागे आता जवळजवळ सगळी माणसं, पाद्रीही. लेक नेहमीच्या जागी, गेटजवळ उभी होती. मी तिला म्हटलं, तू जात नाहीस? ती म्हणाली की तिने इथे कधी फेरी घातलेलीच नाही. आधी ट्रककडे बघायचं असायचं, मग बर्फावर आईचा पाय घसरेल का, मग आई पडली तर धरायला कुठे उभं राहावं. कॅनडात आल्यापासून रविवार म्हणजे आईकडे बघणं.

आई पहिल्या देवळीपाशी पोचून भिंतीला हात लावून उभी होती. तिच्या डोक्यावर सावली होती. लेकीने ते पाहिलं, गळ्यातली पर्स काढून माझ्या हातात दिली, आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन चालायला लागली.